ज्यानं काढला त्याच्या खिशात

"पुन्हा वाच," इस्माईल म्हणाला.

तमन्नाने हॉल तिकिटाची मागची बाजू तिसऱ्यांदा वाचली. मूळ आधार कार्ड. दोन फोटो. निळ्या शाईचं पेन. प्रात्यक्षिकासाठी स्वतःची हत्यारं. पायात रबरी तळाचे बूट. मोबाईल आत चालणार नाही. नऊला फाटक बंद.

भोरच्या स्टँडवर सहाची पुणे एसटी अजून लागली नव्हती. आज तमन्नाची वायरमनच्या परवान्याची परीक्षा होती. तिच्या बापाने तीस वर्षं दुसऱ्याच्या परवान्यावर काम केलं. मोठा भाऊ अजहर याच परीक्षेचा फॉर्म भरून बसला होता, तो परीक्षेच्या महिनाभर आधी गेला. दुकानावर परवान्याची पाटी लावायची ही त्याची हौस. ती आता तमन्नाने पुरी करायची होती. नापास होऊन चालणार नव्हतं.

निघताना आईने, खुर्शिदाने, पेटीतून अजहरचा हत्यारांचा चामडी पट्टा काढला. दवाखान्याने कपड्यांबरोबर दिला तो तसाच तीन वर्षं पेटीत होता.

"त्यो परीक्षेला गेला असता तर ह्योच बांधून गेला असता," ती म्हणाली. "तू बांध."

तमन्नाने घाईघाईने त्यात पक्कड, टेस्टर, पेचकस खोचले. इस्माईलने पट्ट्याकडे पाहिलं नाही. तो उंबऱ्यापाशी चपला शोधत राहिला. चपला पायातच होत्या.

एसटीत बसल्यावर तिने विचारलं, "अब्बा, तुमच्याकडचे जास्तीचे फ्यूज घेतले असते तर? असलेले बरे."

"न्हाईत माझ्याकडं. आता ठेवत न्हाई मी."

एके काळी त्याच्या पिशवीत दोन कोरे फ्यूज कायम असायचे. रातीबेराती कुणाची लाईट गेली, की लोक देवाच्या आधी इस्माईलभाईला हाक मारत. अजहर गेला आणि त्याने पिशवी जी खुंटीला टांगली ती टांगली. माणूस आतून विझला की असंच होतं.

वरवे मागे पडलं तशी त्याने तोंडी परीक्षा सुरू केली.

"पोलावर चढायच्या आदी काय?"

"फ्यूज उपसायचा."

"कुठं ठेवायचा?"

"ज्यानं काढला त्याच्या खिशात. फ्यूजच्या पेटीवर न्हाई, दुसऱ्याच्या हातात न्हाई."

"आन् पेटीत फ्यूजची जागा रिकामी दिसली तर?"

"हात लावायचा न्हाई. कुणीतरी वर हाय."

"पुन्हा सांग."

बाकीचे प्रश्न त्याने एकेकदा विचारले, हा मात्र कात्रज येईपर्यंत चारदा. तमन्नाला भाऊ आठवत होता, तिने खिडकीकडे तोंड केलं.

त्यांच्या गावात, भोंगवलीत, सगळ्यांना ठाऊक होतं, अजहरने नेमका हाच नियम मोडला. आनंदरावांच्या विहिरीवरची मोटर बंद पडली होती. पोल उसाच्या पलीकडे, मोटरच्या खोलीतून न दिसणारा. अजहरने खोलीतल्या पेटीतला फ्यूज काढला, पेटीवरच ठेवला आणि पोलावर चढला. राखणदार गेनू मोटर चालू करायला आला, त्याने तो परत बसवला आणि वर अजहरला शॉक बसला. लोकांनी असं जुळवलं आणि तेच खरं धरलं. आनंदरावांनी अजहरला केला तसा फोन दुकानातही केला होता. अजहर भाटघरच्या कामावर आहे असं समजून इस्माईल स्वतःच निघाला, पण तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. निदान त्याने तसं सांगितलं.

गेनू रडून सांगत राहिला, "म्या हात लावला न्हाई." कुणी ऐकलं नाही. शेवटी तो बायकापोरं घेऊन वेल्ह्याकडे निघून गेला. आणि अजहरचं नाव निघालं की लोक हळहळून म्हणत, पोरगं गुणाचं, पण निष्काळजी. तमन्नाला हा शब्द सुरीसारखा लागायचा.

परीक्षेच्या फाटकावर पावणेनऊला रांग होती. रखवालदार एकेकाचं सामान टेबलावर उलटं करत होता.

"पट्टा सोडा. सगळे कप्पे रिकामे करा."

तमन्नाने हत्यारं काढून ठेवली.

"आणि हा आतला?"

आतल्या कप्प्याचं बटण गंजून बसलं होतं. तिने ते सकाळी पाहिलंही नव्हतं. रखवालदाराने पेचकस घालून ते उचकटलं आणि पट्टा झटकला.

टेबलावर एक पांढरा चिनी मातीचा फ्यूज पडला. त्यावर लाल रंगात 'आ. मो.' लिहिलं होतं. आनंदराव, मोटर. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फ्यूजवर अशी खूण इस्माईल स्वतःच्या हाताने घालत असे.

"अब्बा," तमन्ना म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "भाईनं खिशातच ठेवला व्हता. त्याचं काय चुकलं न्हवतं."

इस्माईल टेबलाला धरून उभा होता.

"चला, आटपा, फाटक बंद होतंय," रखवालदार म्हणाला.

तिने हत्यारं भरली, हॉल तिकीट उचललं. दोन पावलं आत गेली आणि थांबली.

"पण अब्बा, ह्यो हितं हाय, तर मंग पेटीत कुठला फ्यूज व्हता?"

"तू जा. उशीर हुतोय."

"सांगा पहिलं."

इस्माईलने तो फ्यूज उचलला, सदऱ्याच्या टोकाने लाल अक्षरांवरची धूळ पुसून पुसून काढली आणि तिच्या हातात ठेवला.

"त्या दिशी निगालो तवा माझ्या पिशवीत दोन व्हते," तो म्हणाला. "घरी आलो तवा एकच व्हता."