तिघांची अदलाबदल

हर्षल खोब्रागडेचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. समोर नागपूरच्या बास्केटबॉल संघाच्या मॅनेजर मृण्मयीताई पुणे आणि कोल्हापूर, दोघांना एकदमच फोनवर घेऊन बसल्या होत्या.

"पुण्याची उडी आम्हाला, कोल्हापूरचा बचाव पुण्याला आणि आमच्या हर्षलचा फ्री थ्रो कोल्हापूरला. तिघांचंही भलं आहे, बघा."

पलीकडून होकार आला. ताई हर्षलकडे वळल्या. "तू इथंच राहणार आहेस रे. मेंदूतलं एवढं एकच कसब काढायचं आणि दुसऱ्याच्या मेंदूत बसवायचं. दुखतसुद्धा नाही."

"आणि उडी मलाच ना?"

"तुलाच. नाहीतर अजून किती दिवस बाकावर बसशील?"

हर्षलनं मान डोलावली. पाय मात्र थांबेना.

महिन्याभरानं नागपुरातच कोल्हापूरशी सामना झाला. हर्षल हातभर उंच उडत होता, गर्दी त्याला डोक्यावर घेत होती. शेवटच्या मिनिटाला कोल्हापूरच्या रणजित इंगवलेला फ्री थ्रो मिळाला. त्यानं चेंडू दोनदा आपटला, कानाची पाळी चिमटीत धरली आणि मान वळवून प्रेक्षकांतल्या तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

तिथं हर्षलची आई बसायची. फेकण्याआधी तो नेहमी अशीच कानाची पाळी धरून तिच्याकडे बघायचा. आज सबंध सामन्यात त्याला ते एकदाही सुचलं नव्हतं.

आईनं सवयीनं हात वर केला. रणजित ओळखीचं हसला. चेंडू अलगद जाळीत पडला आणि चिडीचूप झालेल्या गर्दीत एकटी आई उठून टाळ्या वाजवू लागली.