शेवटची सोळा पानं

पान एकशे ब्याण्णववर गोदा आडातून वर आली, ओल्या लुगड्यानं गल्ली ओलांडून आईच्या दारात उभी राहिली आणि तिनं कडी वाजवली. पान एकशे त्र्याण्णववर मोहिनी नावाची कुणीतरी बाई बंगल्यातल्या आरशासमोर केस विंचरत बसली होती.

दत्तरावांनी चष्मा पुसून पान पुन्हा उलटलं. मोहिनी तिथंच होती. पुढं मांत्रिक आला, लिंबं कापली गेली, बंगला पेटला, मोहिनी जळून खाक झाली आणि पान दोनशे आठवर 'समाप्त' आलं. गोदा बिचारी दाराबाहेरच राहिली.

"राजेश्री!" दत्तराव मोठ्यांदा ओरडले. पूर्णा गावच्या वाचनालयात दुपारचे पेपर चाळत बसलेल्यांनी माना वर केल्या. "ही काय भानगड आहे?"

दत्तरावांनी रेल्वेतली नोकरी सांभाळून एकशे चौऱ्याऐंशी भयकादंबऱ्या लिहिल्या होत्या. कधीकाळी स्टेशनच्या स्टॉलवर त्या हातोहात खपायच्या. आता इतक्या वर्षांनी पुण्याच्या एका प्रकाशकाचा फोन आला होता. तुमची सगळ्यात चांगली एक द्या, नव्यानं छापू. पण सोमवारी पूर्ण प्रत हातात हवी. दत्तरावांना विचार करावाच लागला नाही. 'काळ्या आडाची लेक'! बाकीच्या त्यांनी हातासरशी पाडल्या होत्या, हीच काय ती जीव लावून लिहिलेली. घरची प्रत वाळवीनं खाल्ली होती, जुना प्रकाशक कधीच बंद पडला होता. उरली होती ती वाचनालयातली ही एक. आणि आज शनिवार होता.

ग्रंथपाल राजेश्रीनं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हे बायंडरचं काम हाय. पुस्तक फाटून आलं होतं, शेवटची सोळा पानं गायब. तुमचीच दुसरी एक फाटकी पडली होती, तिची सोळा लावून दिली त्यानं. दोन्ही दोनशे आठ पानांच्या, त्यामुळं नंबरबी बरोबर बसले. म्हणला, लेखक एकच हाय की."

"आणि तू पाहिलं नाहीस?"

"पाहिलं ना. शिक्का मारला."

"कधीची गोष्ट ही?"

"अकरा वर्षं झाली." तिनं मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा मोजल्या. "त्रेपन्न जणांनी नेलंय तेव्हापासून. एकाचीबी तक्रार न्हाई."

दत्तरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायंडरला शिव्या घालाव्यात, तर त्या माणसानं आपल्या परीनं पुस्तक पुरंच केलं होतं. पण ते त्रेपन्न जण? गोदाची मोहिनी होते, आडाचा बंगला होतो, आणि एकालाही काही खटकू नये? एवढं आयुष्य आपण नेमकं कुणासाठी घासलं, असं त्यांना झालं.

"चिडू नका काका," राजेश्रीनं कोरे कागद पुढं केले. "सोळाच पानं तर हायत. तुमचीच हायत. परत लिहून काढा."

हेही खरंच होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. 'गोदानं कडी वाजवली,' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मग काय झालं होतं? मांत्रिक आठवत होता, स्मशान आठवत होतं, एकशे त्र्याऐंशी कादंबऱ्यांचे शेवट एकमेकांना ढकलत पुढं येत होते. जीव लावून लिहिलेला तेवढा येत नव्हता. दत्तरावांना स्वतःचीच लाज वाटली.

"आई दार उघडती, भाऊ."

बाकावरून सरजाबाई बोलल्या. झेडपीच्या शाळेत शिपाई होत्या, आता रिटायर. रोज दुपारी पुस्तक बदलायला यायच्या.

"बायंडिंगच्या आधी दोनदा वाचलीय मी ती. मागून परत नेली, तर शेवट निराळाच."

"मग सांगितलं का नाही कुणाला?" दत्तराव उसळले.

"मला वाटलं, तुमीच बदलला असंल. लेखकाला कोण इचारणार? आन् राग नका मानू, तुमच्या पुस्तकात शेवटी कुणी ना कुणी जळतच असतंय."

दत्तरावांनी कागद सारखे केले. "पुढं सांगा," ते म्हणाले.

"आई तिला वळखती. भेत न्हाई. म्हणती, लय उशीर केलास गं. पाय धुवायला पाणी देती, चूल पेटवती, भाकरी थापती. मग ताट वाढती. गोदा जेवती. बास."

"सोळा पानं नुसतं जेवण?" राजेश्रीनं विचारलं.

"व्हय. लय दिवसाची उपाशी होती ती."

सरजाबाई सांगत गेल्या. कालवण कशाचं होतं, आई काय काय बोलली, गोदा काय बोलली नाही, सगळं त्यांना पाठ होतं. दत्तराव खाली मान घालून लिहीत होते. मधूनच एखादं वाक्य ओळखीचं लागायचं. सात पानं झाली, आठ झाली. हाताला जुना वेग आला.

सरजाबाईंनी वाकून कागदावर नजर टाकली.

"हे काय लिवलं?"

दत्तरावांनी वाचून दाखवलं, "गोदानं पहिला घास उचलला आणि इतक्यात कडाड्कन वीज..."

"वीज न्हवती त्यात," सरजाबाई म्हणाल्या. "खोडा ते. लेकरू जेवायलंय."