शाल्मलीची गिटार

बँडने विद्याधर सरांना काढून त्यांच्याच शिष्येला, शाल्मलीला घेतलं होतं. आता तिला ब्लूज संगीतासाठी ऊबदार स्वराची इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि ती निवडायला तिने सरांनाच दुकानात आणलं होतं.

सरांनी दोन गिटार वाजवून पाहिल्या. तपकिरीचा स्वर भरीव होता, लालचा कानाला टोचणारा.

"लाल घे," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाल ती, सर." शाल्मलीने न वाजवताच लाल गिटार काउंटरवर ठेवली.

तिचा विश्वास सरांना सोसवेना. "थांब. मी मुद्दाम चुकीची सांगितली. तपकिरी वाजव."

क्षणभर त्यांच्याकडे बघून तिने वाजवली. वीस वर्षं सरांच्या बोटांना न सापडलेला स्वर तिला सहज सापडला. त्यांचा जळफळाट तसूभरही कमी झाला नाही.

"हीच घे," म्हणत ते तिच्यासाठी चांगल्या तारा शोधू लागले.