तरटापलीकडून

जो लोखंड जोडतो, त्याच्या हाती पुढे त्यावर बसणाऱ्यांचे प्राण असतात. एकदा चुकलेल्याने तर हे क्षणभरही विसरू नये.

उस्मान लोहार विसरला नव्हता. रिसोडच्या रामकिसन पाटलांच्या मालमोटारीचा एक रिबीट, म्हणजे जोडाचा जाड खिळा, त्याने घाईत, एकट्यानेच ठोकला होता. तो सुटला, गाडी उलटली आणि पाटील गेले. युद्धामुळे नवी गाडी मिळेना, म्हणून नऊ वर्षे गंजत पडलेला तोच सांगाडा आता त्यांचा मुलगा इंद्रभान दुरुस्त करवून घेत होता.

गंज खरवडून झाला होता. उस्मान अलीकडून तापलेला रिबीट ठोकी; इंद्रभान पलीकडून जड लोखंडी ठोकळा दाबून धरी. तसे धरल्यावाचून रिबीट बसत नाही. ठिणग्या पलीकडे उडू नयेत म्हणून मध्ये ओले तरट टांगले होते.

"दाब नं, बापू! पोया लाटून राह्यला का?"

उस्मान तरटाआडून इंद्रभानवर ओरडला. लगेच दाब वाढला. पुढचे चारही रिबीट असे बसले, की उस्मानच्या हातून तसे कधीच बसले नव्हते.

शेवटचा रिबीट त्याने भोकात घातला. तेवढ्यात पाठीमागच्या फाटकातून इंद्रभान घागर घेऊन आत आला.

"चाचा, मी तं मघाचाच पानी आनाले गेल्तो. तुमी एकटेच कायले ठोकून राह्यले?"

उस्मानचा हातोडा वरच थांबला. रिबीट निवत चालला होता. पलीकडून कोणीतरी ठोकळा हळूच, समजूत घातल्यासारखा, दोनदा टेकवला.

उस्मानने घाव घातला.

धरणाऱ्याचे आणि ठोकणाऱ्याचे, दोघांचेही कल्याण होवो.