बोडकी माणसं

सहा डिसेंबरला विहारात निघाली की नात रोशनी मला दरवर्षी विचारते, “आजी, छप्पन सालचं काही आठवते का वं तुले?” तेव्हा मी सात वर्षांची होते. मामाच्या बैलगाडीतून जंगलवाटेने पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीत परतले, तर भरदुपारी सगळ्या घरांची दारं सताड उघडी होती. एकही चूल पेटलेली नव्हती. खळ्यात धान तसंच पडलं होतं आणि राखायला कोणी नव्हतं. मामा बैल सोडायला थांबला, मी पळत पुढे गेले. चिंचेखाली सगळे पुरुष खाली मान घालून बसले होते. साऱ्यांची डोकी आणि मिशा भादरलेल्या. सगळे चेहरे एकसारखे, आणि त्यांत माझा बाप मला सापडेना. “बाबा कुठी आहे?” मी काकीला विचारलं. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, “बाप गेला वं पोरी आपला.” मी किंचाळत पळत सुटले. एका बोडक्या माणसाने मागून येऊन मला उचललं. मी त्याला बोचकारलं, चावले. “भिवरे, मीच होय वं,” तो म्हणाला. आवाज बाबाचा होता. “मंग मेलं कोण?” “बाबासाहेब.” म्हणजे माझा बाप जिवंत होता! मी आनंदाने खदखदून हसले. त्या शांततेत ते हसू वस्तीभर घुमलं, पण कोणी वर पाहिलं नाही, कोणी रागावलंही नाही. बाबाने आपलं बोडकं डोकं माझ्या इवल्या खांद्यावर टेकवलं आणि म्हणाला, “पोरका झालो वं पोरी मी.”