कडक की नरम

रंजूने दोन्ही हातांनी बॉनेट दाबून सोडलं. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. थांबायचं नावच घेईना.

खुशाल मिस्त्री म्हणाला, असंच होणार. गाडी खाली बसवायला आखूड स्प्रिंगा टाकल्या आणि शॉकअप जुनेच ठेवले. स्प्रिंग उसळते आणि तिला आवरायला कोणी नाही. आता शॉकअप बदलणं आलंच. कडक घेतले तर गाडी नीट चालेल, पण प्रत्येक खड्डा पाठीला कळेल. नरम घेतले तर बसायला आराम, पण मोठ्या खड्ड्यात गाडी आपटेल.

रंजूचं काही ठरेना. कधी हा शॉकअप हातात घ्यायची, कधी तो. खुशाल कंटाळून चहाला जाऊन आला तरी ती तिथेच.

एकोडी गावात लोक तिला नावं ठेवत होते. बाप अंथरुणात आणि पोरीला गाडी खाली करायचे शौक सुचतात, असं तोंडावर बोलून झालं होतं. रंजूने कोणाची समजूत घातली नाही. तिचे बाबा, बुधराम, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या वेळी ट्रॉलीवरून पडले आणि कमरेपासून खाली काही समजेनासं झालं. चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर ते हातांच्या जोरावर सरकत. गाडीची सीट मात्र थोडी उंच. तेवढ्या उंचीसाठी दोन शेजारी बोलवायचे आणि काखेत हात घालून त्यांना उचलायचं. एकदा उचलताना लुंगी सुटली, सगळ्यांदेखत. त्या दिवसापासून बुधराम घराबाहेर पडले नाहीत. जन्मभर गावच्या तलावात जाळं टाकलेला माणूस, पण तलावाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचा.

कसंबसं त्यांनी गाडीतून तलावावर यायचं कबूल केलं होतं, “एक डाव येतो. त्रास झाला तं पुन्हा मले म्हणू नको.”

म्हणून रंजूचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी खुशालने कडक-नरम करता येणारे शॉकअप काढले. कळ फिरवली की झालं. ते बसवल्यावर रंजूने प्रत्येक कळ पार नरम टोकाला नेली.

सकाळी बुधराम खुर्चीवरून सीटवर सरकले. स्वतः, कोणाचा हात न लागता. रंजूची आई बायाबाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. डांबरी रस्त्यावर गाडी पाण्यावरच्या डोंग्यासारखी संथ निघाली. रंजूचं लक्ष रस्त्यापेक्षा बाबांच्या चेहऱ्याकडे होतं. चेहरा कोरा. तिने विचारलं, कुठे लागत तर नाही? ते म्हणाले, काहीच समजत नाही. रंजू खूश झाली. मनातल्या मनात तिने खुशालला दुवा दिली.

तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्यावर, मुरूम वाहून गेला होता. पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी धाडकन आपटली. बुधराम कळवळले. दोन्ही हातांनी त्यांनी कंबर धरली. रंजूने करकचून ब्रेक मारला. आता संपलं, आता बाबा पुन्हा उंबरा ओलांडणार नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने गाडी घराकडे वळवायला घेतली.

बुधरामांनी तिचा हात धरला.

“वळवू नको. थे कळ कडक कर.”

“बाबा, कंबर दुखन तुमची.”

बुधरामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

“दुखू दे, रंजू. माही कंबर अजून आहे, हे मले आत्ताच समजलं.”