आतली बातमी

दुसरीच्या बाई दर शुक्रवारी पालकांच्या ग्रुपवर वर्गपत्र टाकायच्या. गृहपाठ काय आहे, डबा काय द्यावा, नखं कापून पाठवा, असं सगळं त्यात असायचं. पालक न वाचताच खाली अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळे व्हायचे, आणि सोमवारी मुलं तीच लांब नखं घेऊन हजर व्हायची.

शेवटी बाई वैतागल्या. या शुक्रवारी त्यांनी पत्रात सगळ्यात वर एक नवं सदर सुरू केलं, ‘मुलं घराबद्दल काय म्हणतात’. मुलाचं नाव न देता खाली एकच वाक्य छापलं: ‘ऑफिसचा फोन आलाय असं सांगून बाबा संडासात जातात आणि तिथे बसून गेम खेळतात.’

सोमवारी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं.

“दोन दिवस माझा फोन थांबलेला नाही. निम्म्या वर्गाच्या आया विचारतायत, हे आमच्याच घरचं ना म्हणून. एक गृहस्थ तर सकाळी गेटवर मला गाठून, गेम काढून टाकलाय म्हणून मोबाइल दाखवत होते.”

“पण पत्र वाचलं की सगळ्यांनी,” बाई म्हणाल्या. “आज नखंही कापून आलीत.”

“ते राहू द्या. मूल कोणाचं तेवढं सांगा, म्हणजे बाकीचे बाप तरी सुटतील.”

बाई जरा घुटमळल्या. “माझंच. माझ्याच वर्गात आहे ना तो.”

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. “मग तुमचे मिस्टर काय म्हणाले?”

“बाहेर आले की विचारते.”